खरी मेख रात्रीत आहे

आज दिवसभर दोन तक्ते शेजारी-शेजारी लावून बसले होते. एकात रोजचं तापमान, दुसऱ्यात रोजचे मृत्यू. लोक विचारतात, "तू नक्की पर्यावरणवाली की आरोग्यवाली?" अहो, दोन्ही!

उष्णतेच्या लाटेत दगावणाऱ्यांपैकी उष्माघात म्हणून नोंद होते ती फार थोड्यांची. बाकीचे हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार अशा रकान्यांत विखुरलेले असतात. म्हणून त्या दिवसांत एरवीपेक्षा किती मृत्यू जास्त झाले, हे मोजावं लागतं. २००३च्या उन्हाळ्यात युरोपात असे ७० हजारांच्या आसपास निघाले होते.

सगळ्यांचं लक्ष दुपारच्या पाऱ्याकडे. मी आधी किमान तापमानाचा रकाना बघते. रात्रही तापलेलीच राहिली की शरीराला सावरायला उसंत मिळत नाही. त्यात हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग काही निवत नाही. म्हातारी माणसं आणि दिवसभर उन्हात राबणारे आधी कोलमडतात.

झाडांचं बघणारे आणि दवाखान्याचं बघणारे अजून वेगवेगळ्या बैठका घेतात, याचा मात्र मला भयंकर वैताग येतो. असो. उद्या तिसरा तक्ता जोडायचाय: कुठल्या वस्तीत सावली किती.