राखेच्या बुधवारचा तास

आपल्या वसईच्या महाविद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं पत्र हाती पडलं आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते मराठीचे आमचे सर. इतरांचंही ऋण आहे, पण लिहायला बसलो की मन त्यांच्यापाशीच जातं.

वडिलांची एस.टी.त बदली झाली म्हणून मी चाळीसगावहून वसईला आलो होतो. तोवर ख्रिस्ती घर आतून पाहिलं नव्हतं. १३ फेब्रुवारी १९९१, एस.वाय.चा त्या दिवशीचा पहिला तास. सर आले ते कपाळावर काळपट डाग घेऊन. मी पहिल्या बाकावरून उठलो आणि रुमाल पुढे केला. "सर, कपाळाला काहीतरी लागलंय." मागे बसलेली वसईची मुलं हसली. सरांनी त्यांना हातानंच गप्प केलं, रुमालाची नीट घडी घालून माझ्या वहीवर ठेवली. "लागलं नाही रे, लावून घेतलंय. बस, सांगतो."

त्या दिवशी ज्ञानेश्वरी राहिली. सर सांगू लागले, आज राखेचा बुधवार. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, झावळ्या जाळून ही राख करतात, तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील असं म्हणत ती लावतात, इथून ईस्टरपर्यंत उपवासकाळ. दिवस चाळीस, पण रविवार त्यात धरत नाहीत. तो येशूच्या पुनरुत्थानाचा वार. ईस्टर पौर्णिमा पाहून ठरतो हे ऐकून मी थक्क झालो. सरांनी कॅलेंडर उघडून दाखवलं : ३० मार्चला हनुमान जयंती, ३१ ला ईस्टर. मग मला विचारलं, "तुझी आई चातुर्मासात काय सोडते?" म्हटलं, वांगं. "मी चहा सोडतो. वाचलेले पैसे डब्यात टाकतो, ते गरजूंचे. नुसतं सोडून भागत नाही."

वर्गातल्याच एका ख्रिस्ती मुलीनं मग विचारलं, "सर, आज चर्चमध्ये वाचलेल्या बायबलमधल्या शुभवर्तमानातच येशू म्हणतो, उपवास करताना तोंड धुवा, लोकांना दाखवू नका. मग ही राख मिरवायची कशी?" सर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. "उद्या सांगतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हजेरीच्याही आधी त्यांनी उत्तर दिलं. "रात्री विचार केला. प्रश्न बरोबर आहे. पुष्कळजण घरी जाऊन पुसतात, त्यांचंही चुकत नाही. मी ठेवतो, कारण हात धुताना आरशात दिसते आणि आपण कशाला निघालोय ते मला आठवतं. पण कुणी बघावं असं मनात आलं, तर त्याच क्षणी पुसायला हवी." विद्यार्थ्याचा प्रश्न रात्रभर उशाशी घेऊन झोपणारा शिक्षक मी पुन्हा पाहिला नाही.

आज मी खानदेशातल्या एका महाविद्यालयात मराठी विभागप्रमुख आहे. १६१६ साली गोव्यात राचोलला छापलेलं फादर स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण', म्हणजे ओव्यांतली येशूची कथा, शिकवायला घेतो, ते मुद्दाम याच दिवसांत. मुलं ओव्या ऐकतात, पण उपवासकाळ म्हणजे काय ते एकालाही ठाऊक नसतं. मग पुस्तक मिटून आधी राखेचं सांगतो. गेल्या वर्षी वसईला आलो, तर आपली जुनी इमारत नव्हती, चिंचेखालचं कँटीनही नव्हतं. सर तर आधीच गेले. त्यांच्या अखेरच्या मिस्साला, चर्चमधल्या निरोपाच्या प्रार्थनेला, मी पोहोचू शकलो नाही, ते आजही सलतं.

मी ख्रिस्ती नाही. तरी दरवर्षी त्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत चहा सोडतो. घरी आता कुणी विचारत नाही. बायको आदल्या दिवशीच दूधवाल्याला अर्धा लिटर कमी करायला सांगते.