सोनं नाही, आणि जळलेला कागद
आज ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या आर्किऑलॉजिकल म्युझियममध्ये गेलो, म्हणजे खरं तर समुद्राकाठी उन्हात चालून पायांचे तुकडे पडले होते म्हणून आत शिरलो, पण तो जवळच्याच डेर्वेनीच्या प्राचीन कबरीतला भलामोठा घडा बघितला आणि तिथंच खिळलो!! लांबून अस्सल सोनं वाटतं, पण सोनं नावालाही नाही, ब्राँझमध्ये कथिल जास्त म्हणून ती झळाळी. बाहेरून मद्याचा ग्रीक देव डायोनिसस आणि त्याची बायको अरियाडने मस्त ऐसपैस बसलेत, नाचगाणी चाललीत, आणि आत काय तर अस्थी. त्याच डेर्वेनीला १९६२ मध्ये सापडलेला पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाची लिहिलेली गुंडाळीपण इथंच आहे, चितेत कोळसा झाला म्हणून टिकला, नाहीतर तिकडच्या ओलसर मातीत कधीच कुजला असता. बायको म्हणाली चल भूक लागलीय, म्हटलं पाचच मिनिटं, त्याचा अर्धा तास झाला 😅