रिकामा कप

रविवार, रात्री साडेदहा

काल आत्याला 'कोर्ट' हा चित्रपट दाखवला. म्हणजे मी टीव्हीवर लावला आणि ती मेथी निवडत समोर बसली. अर्ध्या तासाने म्हणाली, "अगं, ह्यात गोष्ट कधी सुरू होणार?"

तिचं चुकलं नव्हतं. गाण्यामुळे एका सफाई कामगाराने जीव दिला, असा आरोप एका शाहिरावर ठेवलाय आणि तो खटला खऱ्या खटल्यासारखाच चाललाय, तारखांवर तारखा पडत. मला मात्र त्यातली सरकारी वकील बघायची होती, गीतांजली कुलकर्णी. कोर्टात कायद्याची कलमं घडाघडा वाचून दाखवणारी ही बाई लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, घरच्यांना वाढते. तिथे आत्याचे हात थांबले. "शाहिराला सोडत नाही हो ती," म्हणाली, "आणि भाजी कशी वाढते बघ!"

चित्रपट चांगला की वाईट हे मी हातांवरून ठरवते. ही खोड आईची. ती लग्नाकार्याच्या पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घ्यायची, त्यामुळे पडद्यावर कुणी लाटणं हातात घेतलं की संपलंच. "पिठी घेतली नाहीये, आता चिकटणार बघ." मग मलाही दिसायला लागलं. चहाचा कप रिकामा असतो. परदेशाहून आलेला मुलगा भली मोठी बॅग दोन बोटांनी उचलतो. एकदा कप रिकामा दिसला की त्यानंतरचं रडणं मला खरं वाटत नाही, मग नट कितीही मोठा असो. अर्थात 'शोले'ला मी हे नियम लावत नाही. तरी त्या एवढ्या गोळीबारातून मनात राहते ती व्हरांड्यातले दिवे एकेक करून मालवणारी जया भादुरीच.

आज सकाळी खंडेराव मार्केटहून येताना कलाभवनावरून आले. दादासाहेब फाळके तरुणपणी इथे शिकले, हे आम्ही बडोदेकर पाहुण्यांना न चुकता ऐकवतो. मला फाळक्यांची दुसरीच गोष्ट आवडते. 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती व्हायला कुणी बाई मिळेना. शेवटी मुंबईत ग्रँट रोडच्या एका हॉटेलात त्यांना साळुंके दिसले, तिथले आचारी. अंगाने नाजूक, हातही नाजूक. म्हणजे 1913 साली आपल्या पडद्यावर आलेली पहिली राणी चुलीपुढून उठून आली होती! आई असती तर म्हणाली असती, चला, एकाला तरी लाटणं धरता येत होतं. आणि घरी फाळक्यांची बायको, सरस्वतीबाई. कोऱ्या फिल्मला भोकं पाडायची, तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. त्यावर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. ते हात कुठल्याच फ्रेममध्ये नाहीत.

असो. 'कोर्ट'कडे येते.

शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी कोर्ट बंद होतं. खोलीतला एकेक दिवा जातो आणि पडदा काळा होतो. आत्या मेथीचं ताट घेऊन उठली. "संपला?"

"थांब जरा."

ती ताट घेऊन तशीच उभी राहिली. पडद्यावर न्यायाधीश सहलीला गेलेले. दुपारी बाकावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागलाय. पोरं जवळ येऊन ओरडतात, ते दचकून जागे होतात आणि हाताला लागलेल्या एका पोराच्या कानाखाली देतात. पुन्हा डोळे मिटतात. मग खरंच संपतो.

आत्या काहीच बोलली नाही. मेथी फ्रिजमध्ये ठेवून झोपायला गेली. मला वाटलं, कंटाळली असणार. इथे मराठी चित्रपट लागलाच तर एखादाच खेळ, तोही अडनिड्या वेळी, त्यामुळे मोठ्या पडद्यावर तिला न्यायचं राहूनच गेलं. तिथे कदाचित बरा वाटला असता.

आज दुपारी तीच मेथी फोडणीला टाकताना, पाठ माझ्याकडे, लसूण करपू नये म्हणून कढई एका हाताने उचलून धरलेली, तिने विचारलं, "न्यायाधीश सहलीला गेले. त्या वकीलबाईला सुट्टी होती का गं?"

चित्रपटात ते दाखवलेलं नाही. तसं मी तिला सांगितलं.

"हं," म्हणाली आणि मेथी परतायला लागली.