दादा, ती नोट कुणासाठी होती?

झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये शेजारच्या खुर्चीवरच्या बाई मला ‘दादा’ म्हणाल्या, तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ, हे त्यांनी हसत हसत समजावून सांगेपर्यंत वादकांनी सूर जुळवायला घेतले होते.

कार्यक्रम तारबचा, म्हणजे वाद्यवृंदावर गायच्या इथल्या गाण्याचा होता. मूळ अरबी शब्द ‘तरब’, म्हणजे गाणं ऐकता ऐकता भान हरपणं. मंचावर पंधराएक माणसं, व्हायोलिनची एक रांग, अकॉर्डियन, ऊद हे अरबी तंतुवाद्य, दुम्बाक हा छोटा ढोल, आणि मधोमध कानून. कानून म्हणजे आपल्या स्वरमंडळाचं थोरलं भावंड समजा. एका बाजूने तिरकी कापलेली पेटी, ७० हून जास्त तारा, त्याही तीन-तीन एकाच सुरात लावलेल्या. वादकाने दोन्ही तर्जनींत अंगठ्या चढवल्या आणि त्यांच्यात नख्या खोचल्या. त्याचं लावणं संपता संपेना. मीही तंबोरे लागताना पाहत वाढलेली, त्यामुळे कंटाळा आला नाही. आपल्याकडे स्वरमंडळ गायकाच्या मागे झंकारत राहतं. इथे कानून पुढे येऊन बोलतं. गायिकेची ओळ संपली की तीच ओळ जरा वाकडी करून तिला परत देतं.

हे वाद्य इथे आलं कसं, तर सुलतान बर्गाशने (१८७० ते १८८८ हा त्याचा काळ) मोहम्मद इब्राहिम नावाच्या एका वादकाला ते शिकायला कैरोला धाडलं होतं, असं सांगतात. दरबारात अरबी गाणी व्हायची. ती स्वाहिलीत आणून दरबाराबाहेर लोकप्रिय केली सिती बिंती साद या बाईने. मडकी विकणाऱ्या घरातली मुलगी, आईवडील गुलामीतले. तिचं पाळण्यातलं नाव ‘म्तुम्वा’, म्हणजेच गुलाम. ‘सिती’ हा मान तिला नंतर मिळाला. १९२८ मध्ये तिच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या त्या चक्क मुंबईत, एचएमव्हीसाठी. झांझिबारहून बोटीने मुंबईला गाणं भरायला! मी ते वाचलं तेव्हा जरा वेळ पुस्तक मिटूनच ठेवलं होतं. या प्रवासाचं मूळ तिथेच आहे.

तर त्या रात्रीचं गाणं. तिसऱ्या कडव्याला दोन बायका उठल्या, हातात नोटा धरून, खांदे हलवत, अगदी सावकाश नाचत गायिकेपर्यंत गेल्या. तिच्या हातात नोट दिली, तशाच नाचत परतल्या. मला वाटलं, ही दौलतजादा. दाद द्यायची तर आपणही द्यावी! पुढच्या कडव्यात सूर असा काही चढला की मीही पाच हजार शिलिंगांची नोट काढली आणि निघाले. नाचता येत नाही, म्हणून नुसती चालत गेले. गायिकेने भुवया उंचावल्या, नोट घेतली. परत येते तो आमची अख्खी रांग माझ्याकडे बघतेय.

“दादा,” शेजारच्या बाई कानाशी लागल्या, “ती नोट कुणासाठी होती?”

“गाण्यासाठी.”

“ते झालंच. पण कुणावर?”

मग उलगडा झाला. ती ओळ होती दुसऱ्यांच्या चुलीत डोकावणाऱ्या बाईबद्दल. ज्या ओळीवर तुम्ही उठता, ती ओळ तुमची होते आणि सभेतल्या कुणाला तरी जाऊन लागते. गायिका नामानिराळी, तुम्हीही नामानिराळ्या. लेकी बोले सुने लागे! अशा टोमण्यांना इथे ‘मिपाशो’ म्हणतात. जे गाण्यातून सांगायचं राहतं ते कांगावर छापलेलं असतं. कांगा म्हणजे बायका कमरेला आणि डोक्यावरून घेतात ते जोडवस्त्र, त्याच्या काठाशी एक वाक्य असतंच. शेजारीण रागावली असेल तर काय नेसून दारात उभं राहायचं, याचाही विचार होतो म्हणे. बाईंच्या कांगावर ‘वेमा हाउओझी’ होतं. चांगुलपणा कुजत नाही. माझ्या रांगेत कुणाला काय लागलं ते देव जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका गल्लीत किदुम्बाक ऐकलं. तारबचं हे गरीब आणि जास्त खट्याळ भावंड, लग्नाघरी वाजणारं. एक व्हायोलिन, दोन छोटी ढोलकी, खुळखुळे, आणि सांदुकू. सांदुकू शब्द ऐकताच मी ‘संदूक?’ म्हटलं, आणि खरंच खोकंच होतं: चहाचं लाकडी खोकं उपडं टाकलेलं, त्याला एक दांडी आणि एकच दोरी. वाजवणारा एक पाय खोक्यावर रोवून दांडी मागे ओढतो, दोरी ताणली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. पडदे नाहीत, खुणा नाहीत. मला ओढू दिली. दांडी हातात थरथरते आणि सूर जेमतेम सापडला की निसटतो. चार ठोक्यांत माझा घाम निघाला, पोरं खिदळली. तो गडी मात्र माझ्याकडून दांडी घेऊन, कुणाशी तरी गप्पा मारत, अचूक वाजवू लागला.

शेवटचे दोन दिवस ‘साउती झा बुसारा’चे. हा महोत्सव २००४ पासून फेब्रुवारीत भरतो, मुख्य मंच न्गोमे कोंग्वे या ओमानी अरबांनी बांधलेल्या जुन्या किल्ल्यात. फेब्रुवारीत इथे कास्काझी हा ईशान्येचा वारा असतो. याच वाऱ्यावर शिडाची गलबतं अरबस्तानातून, हिंदुस्थानातून इथे यायची आणि उलट्या कुसी वाऱ्याची वाट बघत महिनोन्महिने थांबायची. एवढी माणसं इतके दिवस बंदरात बसली, तर गाणी एकमेकांत मिसळणारच. गलबताच्या कप्तानाला इथे ‘नाहोधा’ म्हणतात, आपला नाखवाच तो.

महोत्सवात फ्यूजन म्हणून जे वाजलं त्यातलं निम्मं मला सपाट वाटलं. ड्रमसेट आणि बेस गिटार मोठ्याने लावले की कुठल्याही देशाचं गाणं एकसारखंच ऐकू येतं. एका तरुण जथ्याने मात्र उदाला जागा ठेवली. ऊद वाजत असताना गिटारवाला चक्क हात बांधून उभा होता. मग दोन स्वर, परत गप्प. तेवढ्यावर अंगावर काटा आला.

त्यानंतर तारबची मंडळी आली. मंचाजवळ एक ओळखीचा कांगा हलला. माझ्या शेजारच्या बाई नोट घेऊन, सावकाश, खांदे हलवत चालल्या होत्या. परतताना गर्दीतून त्यांनी नेमकं माझ्याकडे पाहिलं आणि डोळा मिचकावला. ओळ काय होती ते मी कुणालाच विचारलं नाही.