टोप उतरल्यावरच्या टाळ्या

१९३५ सालचा ‘फर्स्ट अ गर्ल’ हा ब्रिटिश संगीतपट नुकताच लंडनमधल्या एका लहानशा चित्रपटगृहात पाहिला. तो संपल्यावर शेजारी बसलेल्या वयस्क बाईंनी मला मोठ्या आपुलकीने विचारले, की असला धीट विषय त्या काळी तुमच्याकडच्या लोकांना पचला असता का. त्यांच्या विचारण्यात हेटाळणी नव्हती, तरीही प्रश्न मला लागला. थोडक्यात उत्तर त्यांना तिथेच दिले. इथे ते सविस्तर लिहावेसे वाटते.

चित्रपट गुणी आहे, यात शंका नाही. कपड्यांच्या दुकानात काम करणारी एलिझाबेथ नटी होण्याची स्वप्ने पाहत असते. स्त्रीवेष करून पोट भरणाऱ्या व्हिक्टर या नटाचा घसा बसतो, ती त्याच्या जागी उभी राहते, आणि स्त्रीचे सोंग घेतलेला पुरुष म्हणून लोक तिला डोक्यावर घेतात. कथा मूळची जर्मन, १९३३ सालच्या चित्रपटातली. १९८२ मध्ये ज्यूली अँड्र्यूज हिने ती पुन्हा गाजवली आणि त्या झगमगाटात जेसी मॅथ्यूजची एलिझाबेथ मागे पडली, याचे मला वाईट वाटते. सोहोच्या बाजारवस्तीत जन्मलेली ही नर्तकी पाय उचलते तेव्हा तिला वजनच नसावे असे वाटते. शिवाय तिला एकाच देहात दोन खोटी माणसे सांभाळायची आहेत: प्रेक्षकांना दिसणारी बाई आणि त्या बाईच्या आत आहे असे भासवायचा पुरुष. नाच संपतो, ती केसांचा टोप काढते, खालचे आखूड केस दिसतात आणि थिएटर दणाणून जाते. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर विजयाइतकीच पकडले जाण्याची धास्ती असते. टाळ्या मिळतात त्या टोप उतरल्यावर, म्हणजे फसवणुकीच्या कौशल्याला.

आपल्याकडे बालगंधर्वांच्या बाबतीत नेमके उलटे होते. भामिनी आणि रुक्मिणी पाहायला आलेल्या माणसाला आतला पुरुष कधी बघायचाच नव्हता. घरंदाज स्त्रिया त्यांच्याकडे पाहून लुगडे नेसण्याची आणि दागिने घालण्याची ढब उचलत होत्या. ‘एकच प्याला’तल्या सिंधूचे जुनेर लुगडे पाहून लोक रडले, ते नटाचे कसब जोखण्यासाठी नव्हे. ज्या समाजाने हे इतक्या सहजपणे स्वीकारले, त्याला विषय पचला असता का, हा प्रश्न मला गैरलागू वाटतो.

कुलीन स्त्रियांना रंगभूमी बंद होती म्हणूनच पुरुषांकडे या भूमिका आल्या, हे खरे आहे आणि त्याचे समर्थन करता येणार नाही. मात्र इंग्लंडच्या व्यावसायिक रंगमंचावरही १६६० पर्यंत मुलगेच नायिका होत असत, हे इथले लोक सांगताना अलंकारासारखे सांगतात आणि आपल्याबद्दल ऐकताना मागासलेपणासारखे ऐकतात, हे मला खटकते. शिवाय या चित्रपटाचा धीटपणा तरी किती? नायक रॉबर्टला एलिझाबेथविषयी ओढ वाटते, पण ती स्त्रीच आहे अशी खात्री पटल्याशिवाय कथा त्याला उघड प्रेमात पडू देत नाही. १९३५ च्या मानाने तेवढेही पुष्कळ होते, हे मी मान्य करतो. ‘काळाच्या पुढे’ हे शब्द मात्र मी वापरणार नाही.

त्याच १९३५ साली पुण्यात प्रभातने ‘धर्मात्मा’ काढला. शांतारामबापूंनी त्यात सत्तेचाळीस वर्षांच्या बालगंधर्वांना पुरुषवेषात, संत एकनाथ म्हणून, पडद्यावर आणले. प्रभातशी त्यांचे नाते त्या एका चित्रपटापुरतेच राहिले, आणि बालगंधर्व पुन्हा रंगमंचावर, आपल्या स्त्रीभूमिकांकडे परतले.