आमदारांना भेटून विधेयक बदलतं का?

‘विधेयक येतंय म्हणे, आमदारांना भेटून काही उपयोग होतो का?’ असं बरेच जण विचारतात. होतो. पण तुम्ही कधी जाता आणि हातात काय घेऊन जाता, यावर सगळं आहे.

आधी विषय कोणाचा ते बघा. पोलीस, जमीन, स्थानिक स्वराज्य संस्था राज्याकडे; रेल्वे, बँका केंद्राकडे. रेल्वेच्या कायद्याचं निवेदन आमदारही घेतील, फोटोही निघेल, पण त्यासाठी खासदारांकडेच जायला हवं.

मग विधेयक वाचा, नुसती बातमी नव्हे. शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं. सरकारनेच सांगितलेला उद्देश अमुक कलमामुळे कसा फसतो, हे दाखवलंत तर तो मुद्दा आमदारांना सभागृहात मांडता येतो.

सोबत एकच पान न्या: विधेयक क्रमांक, कलम, आहे तो मजकूर, हवा तो मजकूर, दोन ओळींत कारण आणि मतदारसंघात कोणाला काय झळ बसेल ते. ‘विधेयक मागे घ्या’ यावर एकटा आमदार फारसं काही करू शकत नाही. ‘पंधरा दिवसांऐवजी साठ दिवस’ ही मात्र दुरुस्ती म्हणून देता येते.

वेळ चुकते ती इथे. दुरुस्त्या दुसऱ्या वाचनात, कलमवार विचाराच्या वेळी येतात, आणि मांडलेलं विधेयक त्याच अधिवेशनात मंजूरही होऊन जातं. म्हणून अधिवेशन लागण्याआधी, मतदारसंघातल्या कार्यालयात गाठा. वेळ पीएंकडून घ्या आणि कागद त्यांना आधीच द्या. पुढचा पाठपुरावा त्यांच्याशीच असतो. तीन-चार जण पुरे, बोलणारा एक, टिपणारा एक. वीस जण गेले की सत्कार होतो, चर्चा होत नाही.

मागणी माणूस बघून करा. सत्ताधारी आमदार सरकारच्या विधेयकाविरुद्ध मत देणार नाहीत. पक्षादेश मोडला तर संविधानाच्या दहाव्या परिशिष्टाखाली (पक्षांतरबंदी) आमदारकी जाऊ शकते. त्यांना विधेयक मांडलं जाण्याआधी मंत्र्यांशी बोलायला सांगा. सरकारनेच बदल केला तर तो टिकतो. विरोधी आमदार दुरुस्ती मांडतील, ती बहुधा पडेल, पण मुद्दा कामकाजाच्या नोंदीत राहील. आमच्या मते दोघांनाही भेटावं, कागद तोच ठेवून.

विधेयक संयुक्त समितीकडे (दोन्ही सभागृहांच्या सदस्यांच्या) गेलं तर तुम्हाला मोकळा वेळ मिळतो. २०२४ चं जनसुरक्षा विधेयक असंच समितीकडे गेलं, बारा हजारांहून जास्त सूचना आल्या आणि ते जुलै २०२५ मध्ये बदलांसह मंजूर झालं. अशा वेळी लेखी सूचना मुदतीत पाठवा आणि तुमचे आमदार समितीवर नसतील तर जे आहेत त्यांची वेळ मागा.

निघताना ‘बघतो’ एवढ्यावर उठू नका. दुरुस्ती देणार, चर्चेत बोलणार की मंत्र्यांना पत्र लिहिणार, ते विचारून घ्या आणि दोन दिवसांत पीएंना तेच लिहून पाठवा.