फॅलँक्स विरुद्ध मेटल स्टॉर्म: स्लिप रिंग काढून टाकली

मंडळी, फिरत्या नळ्यांतल्या एलईडींना वीज पोचवणारी स्लिप रिंग गेली, नळीची जागा ओळखणारा हॉल सेन्सर गेला, कोडचाही निम्मा भाग गेला. आणि फॅलँक्सचं, म्हणजे येणारं क्षेपणास्त्र पाडणाऱ्या जहाजावरच्या फिरत्या नळ्यांच्या गनचं मॉडेल आता कुठे नीट चालायला लागलंय. शेजारी मेटल स्टॉर्म, म्हणजे काहीच न फिरणारी गन, ठेवून दोन्हींची तुलना दाखवायचीय.

1:5 स्केल, सहा पितळी नळ्या आणि प्रत्येकीच्या बुडाशी एक एलईडी, ही जुनी रचना तुम्हाला माहीत आहेच. रोटरी गनमध्ये नळी ठरावीक जागी आली की तिथेच गोळी सुटते, त्यामुळे चमकही त्याच जागी दिसायला हवी. पण मोटरने वेग घेतला की चमक वाटेल तिथे भटकायची. मोटरच्या ब्रशमुळे होणाऱ्या विजेच्या गडबडीने (नॉइज) सेन्सरकडून भलतेच पल्स यायचे. मोटरवर 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, सेन्सरचा पुलअप रेझिस्टर बदलला, बॅटरी वेगळी केली. थोडा फरक पडला, तर स्लिप रिंग मध्येच करंट तोडायला लागली. ऑनलाइन मागवलेला माल, फोटोत सोनेरी आणि हातात आला तेव्हा नुसता पिवळा मुलामा. इलेक्ट्रॉनिक्सचं सामान दुकानात जाऊन, हातात धरूनच घ्यावं, या मतावर मी ठाम आहे.

उपाय सापडला कोल्हापूरच्या उद्यमनगरात, एका वर्कशॉपमध्ये. नळ्यांची चकती डिव्हायडिंग हेडवर (नेमके कोन धरून देणाऱ्या साधनावर) साठ-साठ अंशांनी ड्रिल करून घेतली. "डायल लावून बघा, आउट न्हाई," असं म्हणत मिस्त्रींनी ती उजेडासमोर धरून फिरवली. एकेका भोकातून मागची ट्यूबलाइट लुकलुकली. म्हटलं, दिवा फिरवायचाच कशाला?

आता मागे 3 वॅटचा एकच एलईडी आहे, स्थिर आणि सतत पेटता. त्याच्यापुढे काळी प्लेट, तिला एक फट. नळी फटीसमोर आली की चमकते. मोटर वेग घेते तशी चमकही आपोआप वेग घेते, आणि खऱ्या गनचंही तेच आहे, पहिल्या क्षणाला तिचा पूर्ण वेग नसतो. फॅलँक्समधल्या व्हल्कन गनच्या 20 मिमी गोळीचा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारा भागसुद्धा विजेवरच पेटतो, पण केव्हा पेटायचं ते फिरणारं लोखंड ठरवतं.

लगेच दुसरं दुखणं निघालं. नळीचं भोक 4 मिमी, फट 3 मिमी, आणि दोन नळ्यांमधलं अंतर साधारण साडेबारा. म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ उजेडच! चमक कसली, ती तर बॅटरीचा झोत झाली. फट 1 मिमी केली, तरी भागेना. शेवटी गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या एका कारागिराकडून प्रत्येक नळीच्या बुडाला 1 मिमी फटीची पितळी टोपी करून घेतली. त्यांच्या बारीक करवतीने कापलेल्या कडेला कानस लावायची गरजच पडली नाही. आता चमक कशी टोकदार येते! मोबाइलच्या 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये एकेक वेगळी मोजता येते.

"आपल्या नौदलाची एके-630 का नाही?" असं विचारणाऱ्यांसाठी: आयएनएस कोलकातावर ती आहे आणि मलाही तीच आवडते. पण तिच्या सहा नळ्या थंड पाण्याच्या आवरणात झाकलेल्या असतात, आणि ती फिरते दारूच्या वायूवर. मोटर लावून ते दाखवणं म्हणजे फसवणूक.

आता मेटल स्टॉर्म. एकाच नळीत गोळ्या एकामागे एक, मधे दारू, प्रत्येकीला विजेचा स्वतंत्र इशारा. काहीच फिरत नाही. 36 नळ्यांच्या नमुन्याचा वेग मिनिटाला 16 लाखांच्या पुढे सांगितला गेला. माझ्याकडे नळीमागे पाच गोळ्या धरून 36 गुणिले 5, म्हणजे 180 डब्ल्यूएस2812 एलईडी, एकाच तारेवरून एकामागे एक डेटा घेणारे. त्या हिशेबाने सगळा बार सेकंदाच्या दीडशेव्या भागात संपतो, आणि या एलईडींना एकदा डेटा पोचवायलाच 5.4 मिलिसेकंद लागतात. म्हणजे जमणार नाही. जमलं तरी बघणाऱ्याला एकच लखलखाट दिसणार.

म्हणून बेत बदलला. दोन्ही मॉडेलं शंभरपट हळू चालवायची. फॅलँक्सच्या मिनिटाला 4500 गोळ्या, म्हणजे सेकंदाला 75. आता सव्वा सेकंदाहून थोड्या जास्त वेळाने एक चमक. गिअरवाली मोटर 7.5 आरपीएमवर. शेजारचं मेटल स्टॉर्म पाऊण सेकंदाच्या आत रिकामं! आणि फॅलँक्सचा 1550 गोळ्यांचा साठा? तो संपायला 34 मिनिटं. मिनिटाला लाखोंचा आकडा ऐकून भारावणाऱ्यांना हेच दाखवायचंय. मेटल स्टॉर्मच्या रिकाम्या नळ्या समुद्रावर, हलत्या डेकवर बदलायच्या कोणी? शिवाय नळीत सगळ्यात पुढे बसलेल्या गोळीला पळायला नळी कमी मिळते, म्हणून वेग सारखा ठेवणं हीही डोकेदुखी. कंपनी 2012 मध्ये डबघाईला आली, त्याचं मला तरी फारसं नवल वाटलं नाही.

हे लिहितानाच सुचलं, क्षेपणास्त्रही हवं. दीड किलोमीटरवरून सेकंदाला 300 मीटरने येणाऱ्याला पाच सेकंद लागतात, शंभरपटीत आठ मिनिटं वीस सेकंद. दीड मीटरचा रूळ घेतला तर सेकंदाला 3 मिमी. स्टेपर मोटर घरात आहे, स्क्रू रॉड हवाय. जुन्या थ्रीडी प्रिंटरचा कोणाकडे पडून असेल तर सांगा, कोल्हापुरात असाल तर येऊन घेऊन जातो.